आईला शब्बाथ लागू नव्हता

माझ्या आईकडे चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती यहुदी असल्याचा कागद मागितला. मागणारे परके नव्हते, आमचेच होते. परक्यांनी आमच्याकडे कागद कधी मागितलाच नाही, त्यांना लांबूनच कळतं. इस्पितळाच्या धुलाईघरात मी एकतीस वर्षं चादरींना इस्त्री करतेय, तिथे माझं नाव शनिवारवाली. शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी मी कामाला हात लावत नाही, म्हणून. आधीच्या घरमालकाने दाराच्या चौकटीवर ठोकलेली आमची बोटभर डबी पाहिली. तिच्यात प्रार्थनेची गुंडाळी असते हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण महिन्याभरात आम्ही भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर. त्यालासुद्धा कागद लागला नव्हता.

कागद मागायला आला आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो आणि आईला काकू. लहानपणी त्याची आई सदा आजारी, त्यामुळे पोरगा आमच्याकडे जेवायचा, आमच्याच पायरीवर झोपायचा. तो आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. माणूस असा कडेवर बसला की समजावं, काहीतरी वंगाळ बोलायचंय.

"ताई, बाहेरच्या देशातलं ते धर्मगुरूंचं मोठं मंडळ आहे ना, ते आपल्याला यादीत घ्यायला तयार झालंय. यादीत आलो की आपली पोरं तिकडे जाऊ शकतील, तिकडे लग्नं होतील. इथे त्यांना नोकऱ्या कोण देतंय? फक्त प्रत्येक घराचा पुरावा स्वच्छ पाहिजे. तेवीस घरं आपण. बावीस घरांचे कागद जुळले."

"आणि तेविसावं?" मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

आई जन्माने यहुदी नव्हे. एकोणिसाव्या वर्षी तिने बाबांशी लग्न करायचं ठरवलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाआधी वर्षभर ती आमच्या प्रार्थना शिकली, आणि मग समाजाच्या तीन वडीलधाऱ्यांसमोर नदीत बुडी मारून आमच्या धर्मात आली. त्या तिघांनी सहीनिशी कागद लिहून दिला. त्याच दिवशी तिच्या बापाने गल्लीभर सांगितलं की माझी मुलगी मेली. तेव्हापासून आईला माहेर नाही. त्या कागदाचं म्हणाल तर, मी शाळेत असताना आमचं प्रार्थनाघर जाळलं. कुणी जाळलं ते आजवर सापडलेलं नाही, आणि सापडणारही नाही. बाबा आत घुसले, पवित्र पोथी छातीशी धरून बाहेर आले. आई बादल्या ओतत होती, तिच्या दंडाला भाजल्याचा व्रण होता शेवटपर्यंत. पोथी वाचली, कपाट जळालं. बायकोचा कागद कपाटात आहे हे बाबांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि असतं तरी त्यांनी पोथीच उचलली असती, मी ओळखते त्यांना.

"अरे पण सगळ्यांना माहीत आहे!" मी म्हटलं. "तुझ्या आजोबांची सही होती त्यावर!"

"मला माहीत आहे, ताई. त्यांना माहीत नाही ना."

आमच्यात धर्म आईकडून येतो. म्हणजे आई गेली यादीतून की मीही गेले. पण माझं जाऊ दे, माझ्यामागे ना नवरा ना पोर. मी एवढंच विचारलं, "आणि कागद नाहीच मिळाला तर आईला बाबांशेजारची जागा?"

सेक्रेटरीने चष्मा काढला आणि पुसत बसला. आमच्या दफनभूमीत बाबा अकरा वर्षं झोपलेत, शेजारची जागा आईसाठी राखलेली. ती जागा आता यादीतल्या माणसांनाच मिळणार होती. चष्मा पुसून त्याने परत घातला. मग मार्ग सांगितला. महिन्याभराने तीन धर्मगुरू मोठ्या शहरात येणार, रविवारी सकाळी नऊ ते बारा बसणार आणि दुपारच्या विमानाने परत जाणार. आईने त्यांच्यासमोर पुन्हा पाण्यात बुडी मारायची, की कागद तिथल्या तिथे हातात.

आई आतल्या खाटेवरून सगळं ऐकत होती. "म्हणजे पासष्ट वर्षं मी काय करत होते रे?" तिने विचारलं.

"काकू, नुसती फॉर्मॅलिटी आहे हो."

"बरं. पाण्यातच जायचंय ना? जाईन. गार असलं तर अंगावर काटा येईल, आणखी काय होणार! मला त्याच्याशेजारी झोपायचंय, बाकी तुमच्या याद्या तुम्ही सांभाळा." आणि तिने कूस बदलली. मला वाटलं होतं ती भांडेल. तिच्याऐवजी मीच रात्रभर मनातल्या मनात भांडत बसले.

गुरुवारी निघालो असतो तर काही बिघडलं नसतं. हे वाक्य मी आता रोज म्हणते. पण गुरुवारची रजा मागायला गेले तर सुपरवायझरने रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. "तुझ्या रजा? सगळ्या शनिवारांनी खाल्ल्या, बाई." खोटं नव्हतं ते. एकतीस वर्षं मी एकेक शनिवार रजेतून कापत आले होते, सुटीच्या रविवारी जास्तीचं काम करून देत होते, आणि तरी कमी पडायचं. शेवटी हातापाया पडून शुक्रवार मिळाला, तोही बिनपगारी. सकाळी सातची गाडी, दोनला मोठ्या शहरात, सूर्य मावळायच्या आत मुक्कामी. शनिवार तिथेच काढायचा आणि रविवारी सकाळी पायी धर्मगुरूंकडे. शब्बाथला प्रवास चालत नाही, म्हणून सगळं बोटांवर मोजून ठरवलं होतं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. अकरा वाजता गाडी थांबली. पुढे मालगाडीचे डबे घसरले होते. दोन तास उभी, मग रांगली, मग पुन्हा उभी. पाच वाजले तरी मोठं शहर तीन तास लांब होतं, आणि गाडी एका बारक्या स्टेशनात येऊन ठप्प झालेली. एक फलाट, एक नळ, एक खोली. आईने खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. तिला माणसांचे चेहरे धड दिसत नसत, पण सूर्य बरोबर दिसायचा.

"उतरू या," ती म्हणाली.

"अगं आई, डोकं ठिकाणावर आहे का? इथे उतरून काय करणार?"

"तासाभरात शब्बाथ लागेल. गाडीत लागायला नको."

"लागू दे! आपण काय मजेला निघालोय? देवाला डोळे नाहीत का?"

"डोळे आहेत म्हणूनच तर."

मी हात जोडले, रागावले, रडकुंडीला आले. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "रविवारी पोचलो नाही तर बाबांशेजारी जागा नाही, कळतंय का तुला?" समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "आजी, बसा की निवांत, निघेल आत्ता." आईने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "पासष्ट वर्षं मोडला नाही गं. आणि आता यहुदी व्हायला जाताना मोडू?"

मी बॅग काढायला उठले. एका पैलवानासारख्या माणसाने आमची बॅग खाली दिली आणि आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो.

गाडी लगेच सुटली असती तर बरं झालं असतं. ती मेली आणखी चाळीस मिनिटं आमच्यासमोर तशीच उभी. दार उघडं, आमच्या जागा रिकाम्या. दर पाच मिनिटांनी मी म्हणायची, "आई, चल गं, अजून चढता येईल," आणि दर वेळी ती मान हलवायची. शेवटी तिने बॅगेतून दोन मेणबत्त्या काढायला लावल्या, बाकाच्या लोखंडी हातावर मेण सांडून उभ्या केल्या, पेटवल्या, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. हात काढले तोवर वाऱ्याने एक विझवली होती.

"लाव परत, काडी आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"आता नाही. आशीर्वाद म्हटला, शब्बाथ लागला." विझलेल्या मेणबत्तीकडे तिने नुसतं पाहिलं. मग गाडीने शिट्टी दिली आणि डबे एकेक करून आमच्यासमोरून गेले. मला त्या क्षणी आईचा इतका राग आला होता की तिच्याकडे बघवेना.

स्टेशनमास्तर भला माणूस. त्याने आपली खोली उघडून दिली, आईला खुर्ची दिली. पण खिडकीची काच फुटलेली आणि बाहेर थंडी मी म्हणत होती. इथे थांबणारी पुढची गाडी? शनिवारी याच वेळी, म्हणजे पुन्हा शब्बाथातच. त्यानंतरची थेट रविवारी सकाळी दहाला. तो चहा करायला निघाला तर आई म्हणाली, "माझ्यासाठी विस्तव पेटवू नका, बाबा." त्याने टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. कुणाला कळवायचं असेल तर कळवा, म्हणाला. मी आईकडे पाहिलं, तिने मान हलवली. "मग मी लावतो, नंबर सांगा," तो म्हणाला. तेही चालत नाही. आपण करायचं नाही ते दुसऱ्याकडूनही करवून घ्यायचं नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, कुठल्या येड्यांच्या नादी लागलो.

मी गुपचूप फोन करू शकले असते. आई बसल्या बसल्या पेंगत होती, फोन हाताच्या अंतरावर होता. चोवीस तास तो तिथे होता. का केला नाही? भक्ती म्हणून नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू. मला भीती वाटली. तिने डोळे उघडले आणि मला फोन धरलेलं पाहिलं, तर सगळीच्या सगळी वर्षं फुकट गेली असं तिला वाटेल, याची भीती. मी बसून राहिले. दुसरा दिवसभर तिथेच बसून राहिलो, बरोबर आणलेले पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. दुपारपासून आई खोकायला लागली.

शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्याबरोबर मी फोनवर झडप घातली. सेक्रेटरी ओरडलाच, "काल सूर्य मावळायच्या आत का नाही सांगितलंस? धर्मगुरूंनी उद्या पहाटेसाठी मोटार ठरवली असती, आता रात्री कोण येणार!" मग त्याने फोनाफोनी केली. ते तिघं बारापर्यंत थांबतील, त्यापुढे एक मिनिटही नाही. स्टेशनमास्तर माझ्यासाठी गावात वाहन शोधत फिरला. अख्ख्या गावात दूधवाल्याचा एक टेम्पो, त्याचंही एक चाक दुरुस्तीला गेलेलं. रविवारची गाडी दहाला आली, दीडला पोचलो. आईला मी जवळजवळ उचलूनच तिथल्या प्रार्थनाघराच्या फाटकापाशी नेलं.

"ते तिघं ना? गेले बाराला," वॉचमन म्हणाला.

आईने विचारलं, "आत पाणी आहे का?"

"टाकी? हो, तुडुंब भरलीय. तुमच्यासाठीच भरली होती वाटतं, सकाळपासून कुणी आलंच नाही."

आई थोडा वेळ फाटकाचा गज धरून उभी राहिली. पाणी होतं, ती होती, बघायला तिघं नव्हते. पुन्हा कधी येणार, विचारलं तर दोन वर्षांनी, म्हणाला. आई म्हणाली, "चल घरी." परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि तिचं अंग भाजत होतं.

बरोबर एकोणीस दिवसांनी, बुधवारी सकाळी ती गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटी शेवटी तिने एकदाच विचारलं, "जागेचं काय झालं गं?" मी म्हटलं, "झालं सगळं नीट." आयुष्यात आईशी मी एवढं एकच मोठं खोटं बोलले.

सेक्रेटरी आला, हातात ते धर्मगुरूंचं नियमांचं पत्र. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. डोळे लाल होते त्याचे, नाटक नव्हतं ते. म्हणाला, रात्रभर वाचत बसलो होतो, काही फट सापडते का ते बघत होतो. फट सापडली नाही, भलतंच सापडलं. "यात लिहिलंय, ताई. पाण्यात उतरेपर्यंत त्या माणसावर आपले नियम बंधनकारक नाहीत. काकूंना..." तो अडखळला. "काकूंना शब्बाथ लागूच नव्हता गं. बसून राहिल्या असत्या गाडीत, तरी कुणी काही म्हटलं नसतं. बसायलाच हवं होतं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या. चष्मा खाटेखाली गेला. त्याने वाकून तो काढला, पण घातला नाही. "बावीस घरं आहेत, ताई," एवढंच म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

आमच्यात बाई गेली की चार बायका मिळून तिला नियमाने न्हाऊ घालतात. आई स्वतः चाळीस वर्षं त्या चौघींत होती. तिच्यासाठी कुणी आलं नाही. एक जण दारापर्यंत आली, रडली आणि परत गेली. मी एकटीने घातलं. डोक्यापासून पायापर्यंत, कुठे काय म्हणायचं ते तिनेच शिकवलेलं.

मग नगरपालिकेच्या दफनभूमीत जागा मागायला गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "धर्म?"

"यहुदी."

"मग तुमची स्वतःची जागा आहे की! इथे कशाला आलात? दुसऱ्या समाजाचे आम्ही घेत नाही, तक्रारी येतात. तुमच्या मंडळाकडे जा."

घ्या! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. बुधवार गेला, गुरुवार गेला. आमच्यात मेलेल्या माणसाला एक दिवससुद्धा ठेवत नाहीत, आणि माझी आई इस्पितळाच्या बर्फात. माझ्याच धुलाईघरातली, मी इस्त्री केलेली चादर तिच्या अंगावर. शेवटी कारकून म्हणाला, मंडळाचं पत्र आणा. शुक्रवारी सेक्रेटरीने दुकानातच बसून ते लिहिलं. 'सदर मृत महिला आमच्या समाजाची नाही.' खाली सही, वर शिक्का. शिक्का नीट उमटला नाही म्हणून त्याने दुसऱ्यांदा मारला, आणि कागद देताना त्याला माझ्याकडे बघवेना. अखेर आईला एक कागद मिळाला तो असा.

दफनभूमी शहराबाहेर, टेकाडावर. शुक्रवारी साडेचारला तिला घेऊन पोचले तर फाटकाशी सेक्रेटरी आणि त्याच्यामागे आमची माणसं. अकरा पुरुष. शेजारी म्हणून आलोय, असं त्याने सांगितलं. मेलेल्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला आमच्यात दहा पुरुष लागतात. आमच्या प्रार्थनाघरात शब्बाथलासुद्धा नऊवर अडून बसायची वेळ येते, दहावा शोधायला बाबा दुकानादुकानांतून फिरायचे. आईसाठी अकरा उभे होते, आणि म्हणणारा एकही नव्हता.

दफनभूमीच्या माणसांनी तिला खाली उतरवलं. मातीचं पहिलं फावडं पडलं. मी वाट पाहिली. कुणी घसा खाकरला, कुणी टोपी सारखी केली. मग मीच सुरू केलं. बाईने कद्दीश म्हणायची रीत आमच्याकडे नाही, पण मला कुठली रीत आता लागू होती? सगळं पाठ होतं. त्या प्रार्थनेत ठरावीक जागी थांबायचं असतं, तिथे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मी पहिल्या जागी थांबले. अकरा माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. मी पुढे म्हटलं, दुसऱ्या जागी थांबले. एका म्हाताऱ्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज आला नाही. मी प्रत्येक जागी थांबले, एकही चुकवली नाही, आणि शेवटपर्यंत म्हणून टाकली. खड्डा भरणारा माणूस तेवढा फावड्याला टेकून गप्प उभा होता.

सूर्य टेकाडाच्या कडेला आला तशी माणसं चुळबुळू लागली. घड्याळं बघायला लागली. सेक्रेटरी माझ्याजवळ आला आणि सवयीने म्हणाला, "ताई, तूही नीघ आता पटकन, उशीर होईल, शब्बाथ..." आणि त्याचा चेहरा एकदम पडला.

"बोल ना," मी म्हटलं. "पुढे बोल. मला लागतो का नाही?"

तो वळला आणि चालायला लागला. त्याच्यामागून बाकीचे, भराभर, उताराने. मी आईपाशी माती सारखी होईपर्यंत थांबले, मग निघाले. गावात जायला रस्ता एकच. ती माणसं पुढे, मी मागे, मध्ये पन्नास पावलांचं अंतर. पाठीमागून शहराची शेवटची बस आली आणि आमच्यासाठी थांबली. सूर्य बुडाला होता. त्यांच्यातलं कुणी चढलं नाही. मीही चढले नाही.